काकवीचं ताट

कोल्हापुरात माणसाची चौकशी पोटापासून सुरू होते. तब्येत, नोकरी, पोरांची लग्नं हे सगळं नंतर. आधी ‘जेवलास काय?’ दारात आलेला माणूस चहासुद्धा न घेता परत गेला, तर त्या घराबद्दल चार दिवस बोललं जातं. अशा गावात आमच्याकडे मांजराचं पिल्लू आलं आणि त्याला काय घालायचं हा प्रश्न आमचा राहिलाच नाही. तो गल्लीचा झाला.

पिल्लू मार्केट यार्डातलं. गुळाच्या एका अडत दुकानाच्या गोदामात, रव्यांच्या थप्पीमागं मांजरीनं तीन पिल्लं घातली होती. गोदामवाल्यांना मांजर लागतंच. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली आणि कोल्हापूरच्या गुळाला हक्काचा बाजार मिळाला. बाजार आला की उंदीर येणार आणि उंदरामागं मांजर, त्याला कुणी आवतण द्यावं लागत नाही. थप्पी हलवताना मांजर बिथरली, दोन पिल्लं तोंडात धरून एकेक करून घेऊन गेली आणि तिसरं न्यायला परत आलीच नाही. पुतण्या तिथं हिशेब लिहितो. त्यानं पिल्लू पिशवीत घालून आणलं. “काकी, हे ठिवून घ्या. तिथं ट्रकाखाली जाईल बघा.” रंग असा, की उन्हात धरलेली काकवीच. दुसरं नाव कुणाला सुचलं नाही.

पण या काकवीला काकवीची चव लागत नाही. २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मांजराची जनुकं तपासली. गोड चव ओळखण्यासाठी जिभेवर जी रचना लागते तिच्यासाठी दोन जनुकं हवीत, आणि मांजरात त्यातलं एक मोडकं निघालं. नुसत्या घरच्या मांजरात नाही, वाघात आणि चित्त्यातही तसंच. गूळ, पेढा, बासुंदी, सगळं त्यांच्या लेखी बेचव. ज्या गावच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्या गुळाच्या गोदामात जन्मलेल्या जिवाला गोड म्हणजे काय हेच ठाऊक नसावं, हे मला फार आवडलं. पाहुण्याला काय खिलवायचं ते आपण आपल्या जिभेवरून ठरवतो. इथं ती जीभच उपयोगाची नव्हती.

पहिली वाटी अर्थातच दुधाची आली. सासूबाईंनी ती स्वतःच्या हातानं कोमट करून आणली होती, वर चपातीचा चतकोर कुस्करून. तोंडापाशी जायच्या आत पुतणीनं ती उचलली. ती कोल्हापूरची लेक, ‘मी आलो, मी गेलो’ म्हणणारी. “आजी, मी डॉक्टरांना विचारलोय. दूध नको म्हणालेत.”

“मांजराला दूध नको? मग काय त्यानं चहा प्यायचा?” सासूबाईंनी विचारलं, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या साऱ्या म्हणी त्यांच्या बाजूनं आहेत. मांजर डोळे मिटून दूध पितं. शिंकं तुटतं ते बोक्यासाठी. लोण्याची राखण बोक्याकडे देऊ नये. मराठीतल्या कुठल्याही म्हणीत मांजर चिमणीची मान मोडून खाताना दिसत नाही. त्यात गाव दुधाचं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आजही म्हशी येऊन उभ्या राहतात आणि गवळी गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाळतं धारोष्ण दूध हातात देतात. तालमीतली पोरं घटाघटा पितात आणि ओठांवरचा फेस पुसत लाल मातीकडे वळतात. १९६३ साली जिल्ह्याचा दूध संघ निघाला, त्याचं गोकुळ हे नाव आता मुंबईच्या घराघरात पोचलं आहे. ज्या दुधानं पैलवान होतात त्या दुधानं वीतभर मांजर आजारी पडेल, हे कोल्हापूरकराला पटवणं म्हणजे त्याच्या तालमीवर शंका घेण्यासारखं आहे.

तरी ते खरं आहे. दुधातली साखर पचवायला आतड्यात जो पाचकरस लागतो, तो पिल्लाच्या पोटात आईचं दूध सुटेपर्यंत भरपूर असतो. पुढं तो आटत जातो. पचली नाही की ती साखर आतड्यात आंबते, पाणी ओढून घेते आणि जुलाब होतात. मोठ्या बोक्याला जुलाब झाले तर तो दोन दिवस कोपऱ्यात बसून बरा होईल. अर्धा-पाऊण किलोच्या पिल्लाच्या अंगात पाणीच किती असतं? एका दिवसात ते सुकतं. शिवाय आईचं दूध आणि म्हशीचं दूध या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात. म्हशीच्या दुधात असते ती साय. तेव्हा डोळे न उघडलेलं, आई गमावलेलं पिल्लू हाती आलं तर त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे मिळणारी पिल्लांची दूध पावडरच द्यावी लागते. काकवीला तीही नको होती, कारण तिला दात होते.

ते दात मी पाहिले. डॉक्टरीणबाईंनी अंगठ्यानं तिचा जबडा हलकेच उघडला आणि मला वाकून बघायला सांगितलं. पुढं तांदळाच्या कणीएवढे दात, बाजूला सुईसारखे सुळे, आणि मागं दाढांच्या जागी दोन पाती. आपल्या दाढा सपाट असतात, भाकरी दळायला. तिच्या तोंडात सपाट असं काहीच नव्हतं. जबडा वर-खाली होतो, बाजूला फिरत नाही, त्यामुळं रवंथ सोडा, नीट चावणंसुद्धा तिच्या नशिबी नाही. कापायचं आणि गिळायचं. “मागच्या दाढा आल्यात, म्हणजे सहा-सात आठवड्यांची असेल,” बाई म्हणाल्या, “आणि हे तोंड बघून चपाती कुठं बसते ते तुम्हीच सांगा.” सासूबाईंसाठी मी हा निरोप घरी आणला. त्या म्हणाल्या, “आमच्या वेळची मांजरं दूध-भाकरीवर बारा बारा वर्षं जगली.” जगली, हे खरं. पण ती भाकरीवर जगत नव्हती. ती आमच्याकडे दूध-भाकरी खायची आणि रात्री माळ्यावर, परड्यात, शेजारच्या गोठ्यात जाऊन आपलं खरं जेवण जेवायची. सकाळी उंबऱ्यात पडलेली शेपटी आपण झाडूनं लोटायचो आणि परत वाटी भरायचो. फ्लॅटच्या दाराआड वाढणाऱ्या मांजराला तो रात्रीचा धंदा उरलेला नाही. त्याला तुम्ही जे द्याल तेवढंच.

म्हणजे मटण, असं यावर कोल्हापूर एका आवाजात म्हणेल. मटणाच्या दरावरून रस्त्यावर उतरणारं गाव आहे हे. २०१९च्या अखेरीस तसं आंदोलनच झालं होतं. रविवारी सकाळी दुकानापुढं रांग, आणि रांगेत प्रत्येकाचं ठाम मत. मी साधा खिमा मागितला, चरबी काढून.

“पाहुणं हाईत काय वैनी?”

“मांजराला पाहिजे.”

“मांजराला मटण? मग पोरगीच आणलीसा म्हणा की!” दुकानदारानं सुरी पुसली. “काळीज घेऊन जावा. लई आवडतंय त्यास्नी. आणि रस्सा केला की आळणीतलं काढून ठेवा वाटीभर. लेकरांना चालतंय, त्याला का चालत न्हाई?”

मागच्या आजोबांनी मान डोलावली. आळणी म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, आमच्याकडचं पहिलं औषध. बाळंतिणीला आळणी, तापातून उठलेल्याला आळणी, दात येणाऱ्या पोराला आळणी. त्यात तिखट नसतं. पण मटण शिजायला टाकताना आलं-लसूण पडतं, कांदा परतलेला असतो, आणि गडबड तिथं आहे. तिखटानं मांजर पळून जाईल. कांदा-लसूण ते मुकाट खाईल.

हा भाग कोल्हापूरकरांनी जरा थांबून वाचावा. कांदा आणि लसूण यांतले गंधकयुक्त घटक मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये या घटकांच्या माऱ्याला बळी पडणाऱ्या जागा दोन असतात, मांजराच्या हिमोग्लोबिनमध्ये आठ. पेशी फुटत जातात, हिरड्या पांढऱ्या पडतात, पिल्लू मरगळतं आणि घरचे म्हणतात, पोट बिघडलं असेल. वजनाच्या किलोमागं पाच ग्रॅम कांदा मांजराला बाधू शकतो. अर्ध्या किलोच्या पिल्लाला म्हणजे अडीच ग्रॅम. कांद्याची एक पातळ चकती तेवढी भरते. शिजवून विष जात नाही, आणि वाळवून कुटलं तर ते आणखी दाट होतं.

आता चैत्र-वैशाखात आमच्या गल्ल्यांतून काय चाललेलं असतं ते आठवा. गच्चीवर संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्या, ताटांमधून उन्हात टाकलेला कांदा, सोललेल्या लसणाच्या राशी, आणि डंकापुढं डबे घेऊन बसलेल्या बाया. वर्षाची चटणी होते ती. तिच्याशिवाय आमच्याकडे आमटी नाही, अंड्याची पोळी नाही, मिसळीचा कट नाही. मुंबईला निघालेल्या पोराच्या बॅगेत कपड्यांआधी तिची बरणी जाते. त्या बरणीतलं चमचाभर बोटाला लागून ताटाच्या कडेला राहिलं आणि ताट चाटायला मांजर आलं, तर आपल्या लेखी ती माया. पांढरा रस्सा दिसायला आणखी निरागस. नारळाचं दूध, तीळ, खसखस. पण खाली तेच आळणी पाणी. थोडक्यात, कोल्हापूर ज्याचा अभिमान धरतं त्यातलं बहुतेक सगळं, दूध, गूळ, तांबडा, पांढरा, काकवीच्या ताटातून बाद झालं. पाहुणचाराच्या गावात आलेल्या पाहुणीला काय काय द्यायचं नाही याचीच यादी आधी तयार झाली. सासूबाई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होत्या.

काळजाचंही तसंच. थोडं दिलं तर उत्तम, रोज दिलं तर घात. काळजात जीवनसत्त्व अ ठासून भरलेलं असतं आणि मांजराला ते गाजरातून बनवता येत नाही, आयतंच लागतं. पण ते शरीरात साठत जातं. केवळ काळजावर वाढवलेल्या मांजरांच्या मानेचे मणके एकमेकांना चिकटून मान आखडते, हे ऑस्ट्रेलियातल्या पशुवैद्यांनी १९६०च्या दशकातच दाखवून दिलं. आणि नुसता खिमा? त्याची गोष्ट त्याहून विचित्र आहे. मटण-चिकनाच्या मांसात स्फुरद भरपूर आणि चुना जवळजवळ नाही. वाढत्या पिल्लाला दोन्ही साधारण सारखे लागतात. रोज निव्वळ मांस मिळालं की शरीर रक्तातला चुना राखण्यासाठी स्वतःच्या हाडांतून तो काढू लागतं. पिल्लू गुबगुबीत दिसतं, अंगावर तकाकी असते, आणि एक दिवस खुर्चीवरून उडी मारल्यावर पाय मोडतो. घरात गरिबी नव्हती, कंजुषी नव्हती. रोज मटण खाऊन हाडं पोकळ झालेली असतात.

मग मांजराचं पूर्ण जेवण कोणतं? उंदीर. हे ऐकून पुतणीनं तोंड वेडंवाकडं केलं, पण विचार करून बघावा. उंदरात मांस आहे, चुन्यासाठी हाडं आहेत, बेताचं काळीज आहे, रक्त आहे, आणि जवळजवळ सत्तर टक्के पाणी. मांजर तो डोक्यापासून शेपटीपर्यंत खातं. एका उंदरातून साधारण तीस कॅलरी मिळतात, त्यामुळं मोठ्या मांजराला दिवसाला आठ-दहा लागतात, आणि म्हणूनच ते आपल्यासारखं दोन वेळा जेवून पान लावून बसत नाही. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खातं. पिल्लाचं पोट तर लिंबाएवढं आणि वाढ धावती, किलोमागं लागणारी ताकद मोठ्या मांजराच्या दुप्पट-अडीचपट. चार महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, मग दोनदा. बाजारातला कुठलाही डबा घ्या नाहीतर घरी शिजवा, शेवटी आपण उंदराचीच नक्कल करत असतो, एवढं लक्षात ठेवलं की निम्मा गोंधळ मिटतो.

कोल्हापूरला मांजराच्या जातीला खिलवणं काही नवीन नाही. संस्थानात शिकारी चित्ते पाळलेले होते. देशातले चित्ते दुर्मिळ झाले तसे ते आफ्रिकेतून मागवले गेले. डोळ्यांवर पट्टी बांधून गाडीतून त्यांना माळावर न्यायचं, काळवीट दिसला की पट्टी काढायची. हिंदुस्थानात चित्त्याची शिकार जिथं जिथं चाले तिथली रीत अशी, की सावज पडलं की चित्तेवान पुढं होऊन रक्त किंवा मांडीचा तुकडा चित्त्यापुढं धरायचा आणि त्याला सावजावरून उठवायचा. त्या जनावराला दूध-चपाती कुस्करून द्यावी असं कुणाच्या मनात आलं नसेल. चित्त्याकडे पाहून भीती वाटते, म्हणून माणूस आधी त्याला काय लागतं ते विचारतो. काकवीकडे पाहून माया येते आणि आपण आपल्या ताटातलं काढून देतो. मोनेलच्या शास्त्रज्ञांनी चित्ता आणि मांजर एकाच चाळणीतून तपासले होते. आपण मात्र एकाला दरबारात ठेवलं आणि दुसऱ्याला चुलीपाशी.

आमच्या मागच्या गल्लीत एक जैन कुटुंब आहे. त्यांच्या पोरीनं काकवी पाहिली आणि घरी हट्ट धरला. तिच्या आजोबांनी मला बोलावून घेतलं. “ताई, स्पष्ट सांगा. दही, पनीर, डाळ यावर निभतंय का? आमच्या घरात दुसरं येत नाही.” प्रश्न सरळ होता, म्हणून उत्तरही सरळ दिलं. मांजराच्या शरीराला टॉरीन नावाचा एक घटक लागतो. आपण तो स्वतः बनवतो, मांजराला पुरेसा बनवता येत नाही, आणि तो मिळतो मुख्यतः प्राण्यांच्या मांसातून. १९७५ साली अमेरिकेत संशोधकांनी मांजरांना प्रथिनं म्हणून निव्वळ दुधातलं केसीन दिलं. मांजरांच्या डोळ्यांचा पडदा झिजत गेला. केसीन म्हणजे पनीरच झालं की. पुढं १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात पॉल पायन यांनी दाखवलं की टॉरीन कमी पडलं तर मांजराचं हृदय ढिलं पडून सुजतं, आणि वेळेत टॉरीन दिलं तर पुन्हा सावरतं. ती मांजरं चांगल्या घरांतली, बाजारातलं नावाजलेलं खाद्य खाणारी होती. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातलं टॉरीन वाढवलं.

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे आपला धर्म त्याच्यावर लादायचा नाही.” माझं मत अजून थोडं कडक आहे. ज्या घराला मांस हाताळणं पटत नाही त्या घरानं मांजर आणूच नये असं मी म्हणणार नाही. कोरड्या खाद्याची पिशवी व्हरांड्यात ठेवता येते, वेगळी वाटी, वेगळा चमचा, आणि ती कामं करणारं एक माणूस. त्यांच्या पोरीनं ते काम अंगावर घेतलं. पण तेवढंही मन घेत नसेल, तर ससा पाळावा. मांजराला दह्यावर ठेवणं ही अहिंसा नव्हे. हळूहळू आंधळं होत जाणाऱ्या जिवाशी तत्त्वज्ञान बोलता येत नाही.

पिशवीचं म्हणाल, तर राजारामपुरीतल्या दुकानात त्यांची भिंतच असते. मासोळीच्या आकाराचे दाणे, गाजराच्या रंगाचे दाणे, हिरवे दाणे. तो रंग मांजरासाठी नसतो, पैसे देणाऱ्यासाठी असतो. मी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचते. ‘किटन’ लिहिलेलं हवं, कारण मोठ्यांच्या खाद्यात वाढीपुरतं नसतं. अमेरिकेत वाढत्या पिल्लांच्या खाद्यात पाणी वगळून किमान ३० टक्के प्रथिनं धरतात, मोठ्यांच्या २६. ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ हे शब्द हवेत, कारण काही डबे नुसते वरखाऊ असतात, जेवण नव्हे. घटकांच्या यादीत पहिलं नाव मांसाचं हवं, मक्याचं नव्हे. टॉरीन लिहिलेलं हवं. पिशवीवरच्या गुबगुबीत परदेशी मांजराकडे बघायचं नाही.

कोरड्या दाण्याचा एक दोष मात्र पिशवी सांगत नाही. त्यात पाणी दहा टक्के, उंदरात सत्तर. घरच्या मांजराचा पूर्वज उत्तर आफ्रिका-पश्चिम आशियातला रानमांजर, रखरखीत मुलखातला. त्याला पाणी शिकारीतून मिळायचं, तहान म्हणून वेगळी फारशी लागायचीच नाही. तीच सवय आजच्या मांजरात आहे. कोरडं खातं, पाणी कमी पितं, लघवी दाट होते, आणि बोक्यांच्या बारीक मूत्रमार्गात खडा अडकला की दोन दिवसांत जिवावर बेततं. आमच्याकडे म्हणून दाणे कोमट पाण्यात भिजवून देतो, दिवसातून एकदा ओल्या खाद्याची पुडी, आणि पाण्याची वाटी जेवणाच्या वाटीपासून लांब, खिडकीखाली. जवळ ठेवलेलं पाणी ती पीत नाही, लांबचं पिते. का, ते तिलाच ठाऊक.

मासळीबद्दल लोकांना फार खात्री असते. वाळवंटातल्या जिवानं मासा कधी धरला असेल? तरी आवडतो खरा. कोकणातून घाट चढून येणारं सुकट-बोंबील मिठात मुरलेलं, ते नको. कित्येक कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नासवणारा घटक असतो, म्हणून कच्चा मासाही नको. काटे काढून उकडलेला तुकडा अधूनमधून चालतो. अंडं उकडून चालतं. अशा वरखाऊचा वाटा दिवसाच्या जेवणात दहा टक्क्यांच्या आत राहावा, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं आहे आणि आमच्या घरात तोच नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. कोण मोडतं ते मी लिहिणार नाही, कारण त्या हे वाचतील.

एक शहाणपण मला कामी आलं. पिल्लू काय खायचं ते आईकडून शिकतं. १९७०च्या दशकात एका प्रयोगात मांजरींना केळं खायची सवय लावली, तर त्यांची पिल्लंही आईशेजारी बसून केळं खाऊ लागली, पुढ्यात मांस असतानासुद्धा. सहा महिन्यांच्या आत ज्याची ओळख झाली ते त्यांच्या लेखी अन्न, उरलेलं सगळं संशयास्पद. काकवीची आई ट्रकांच्या गर्दीत निघून गेली होती. तिची शाळा आमच्याकडेच होती. म्हणून कोरडं, ओलं, चिकन, मासा, दोन-तीन वेगळ्या चवी आम्ही लहानपणीच तिच्या तोंडी लावल्या. नव्या खाद्यावर एकदम उडी नाही. जुन्यात चिमूटभर नवं, आठवडाभर वाढवत. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पातेलं ठेवून तिला त्यात बसवतो. या वयात आठवड्याला शंभरेक ग्रॅम वाढायला हवेत. पोट टम्म आणि वजन तिथंच, असं झालं तर जेवण जंतांच्या मुखी चाललं आहे असं समजायचं आणि डॉक्टर गाठायचे.

सासूबाईंचा रुसवा पुतणीनं काढला. त्यांना तिनं एक काम दिलं: चिकनचा तुकडा पाण्यात उकडायचा, मीठ नाही, हळद नाही, आलं-लसूण नाही. “असलं पचपचीत आयुष्यात केलं नाही मी,” म्हणत त्यांनी ते केलं, बोटांनी बारीक कुस्करलं आणि चव न बघता स्वयंपाक बाहेर काढायची ही पहिलीच वेळ असल्याचं सगळ्यांना ऐकवलं. काकवीनं वाटी चाटून लख्ख केली.

पावसाळ्यात तुमच्याही जिन्याखाली कुणीतरी म्यांव करेल. आधी कोरड्या फडक्यात धरून ऊब द्या. गारठलेल्या पिल्लाच्या पोटात काही घालू नये. डोळे मिटलेले असतील तर रात्र न काढता जनावरांचा दवाखाना गाठा. दात असतील तर उकडलेलं चिकन, त्याचंच बिनमिठाचं पाणी, आणि दुसऱ्या दिवशी पिल्लांच्या खाद्याची लहान पिशवी. दुधाची वाटी घरातल्या पोरांना द्या. पांढरा रस्सा मात्र तुम्हीच प्या.